मनकर्णाबाईंनी बसवलेल्या होडीच्या खिडक्या

व्हिडिओ मिनिटभराचाही नाही. शिडाच्या होडीची बुटकी केबिन, दोन्ही अंगांच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार. वारा येतो, होडी एका कुशीवर कलते आणि खालच्या अंगाच्या तिन्ही खिडक्यांच्या तळातून पाणी आत येऊ लागतं. एक बाई रेशमी साडीचे काठ वर धरून तेलुगूत 'नीळ्ळु, नीळ्ळु' म्हणजे 'पाणी, पाणी' असं ओरडते. कोणीतरी खो खो हसतं. पुढच्या दृश्यात होडी किनाऱ्याला लागलेली आहे, पाहुणे ओले पाय झटकत उतरत आहेत, आणि फोन धरणाऱ्याने कॅमेरा मुद्दाम खिडकीच्या खाली नेला आहे. तिथे ट्रकवर असतात तशा लाल-पिवळ्या अक्षरांत लिहिलंय : 'काच फिटिंग - मनकर्णा नगराळे, इचोडा'. तिथे व्हिडिओ थांबतो.

मनकर्णाबाईंनी तो नागपूरहून परतताना बसमध्ये पाहिला. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी त्या दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. अंगात पांढरी साडी, मांडीवर पुस्तकांची पिशवी, शेजारी मुलगी साक्षी. साक्षी जैनथ मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, सरकारी शाळेत शिक्षिका आहे. फोन तिचा होता. तिने तो आईसमोर धरला आणि आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

मनकर्णाबाईंनी पाण्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "माह्य नाव कोणं लिहिलं?"

हा प्रश्न का, ते कळायला इचोड्याची रीत माहीत हवी. हैदराबाद-नागपूर रस्त्यावरच्या, आदिलाबादजवळच्या या गावात ट्रकची बॉडी बांधणारे, रंगवणारे, काचा बसवणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काम कोणी केलं ते ट्रकच्या मागच्या फळीवर किंवा दाराखाली बारीक अक्षरांत लिहितात. पण नाव लगेच पडत नाही. गाडी पहिली खेप करून परत येते. मालक आणि कारागीर तिच्याभोवती फेरी मारतात, काय खडखडतं, कुठे पाणी शिरलं ते पाहतात. मगच पेंटर ब्रश उचलतो. खेपेआधी नाव लिहिणं म्हणजे कारागिराला न विचारता त्याची सही करणं. इचोड्यात असं कोणी कोणाला करत नाही.

"होडीवाल्या चंदननं लिहून घेतलं असंन," साक्षी म्हणाली.

"त्याच्या बापानं तरी असं लिहून घेतलं असतं काय? इचारलं असतं न?"

पुढच्या सीटवरच्या माणसाने मान वळवली. मनकर्णाबाईंचा आवाज बसभर जातो. बसच्या आणि ट्रकच्या इंजिनांवर बोलून बोलून तो तसा झाला आहे.

त्यांचा जन्म तलमडुगु मंडलातला. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. लग्न होऊन त्या इचोड्याला आल्या तेव्हा नवरा चंपत गाड्यांच्या काचा बसवायचा. हे काम एकट्याचं नाही. काचेभोवती रबर चढवतात, रबराच्या खाचेत दोरी भरतात, साबणाचं पाणी लावतात. मग बाहेरून एकाने काच दाबायची आणि आतून दुसऱ्याने दोरी ओढत जायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. आतून दोरी ओढायला चंपतरावांनी बायकोला उभं केलं, कारण मजूर टिकत नव्हते. अर्धं काम असं आलं. पुढे समोरची एक मोठी काच उतरवताना फुटली आणि चंपतरावांच्या उजव्या मनगटाची शीर तुटली. बोटं पुन्हा मिटली नाहीत. उरलेलं अर्धं काम मग मनकर्णाबाईंनी उचललं.

सुरुवातीला परप्रांतातले ड्रायव्हर दुकानात डोकावून म्हणायचे, "भैया को बुलाओ." त्या म्हणायच्या, "भैया चाय बना रहे हैं. काच लगवानी है कि चाय पीनी है?" चंपतराव खरंच चहा करत असायचे. आजही करतात. गिऱ्हाइकाच्या हातात कप देताना ते बायकोच्या रागाचा अंदाजही देतात : "आज जरा जपून बोला. सकाळपासून ढग हायेत."

होडी त्यांच्याकडे आली ती चंदनमुळे. चंदन हा आदिलाबादच्या भाजीबाजारातले जुने व्यापारी केशवराव यांचा मुलगा. हैदराबादला एका बोट क्लबमध्ये त्याने काही वर्षं नोकरी केली, शीड हाताळायला शिकला, आणि क्लबने मोडीत काढलेली होडी घेऊन गावाकडे परतला. तलमडुगुच्या अंगाला असलेल्या धरणाच्या पाण्यावर लोकांना तीतून फिरवायचं, असा त्याचा बेत. ट्रेलरवर आडवी डोलकाठी बांधलेली ती पांढरी होडी इचोड्याच्या बाजारातून गेली तेव्हा लोकांनी दुकानं सोडून पाहिली. खिडक्या मात्र गेलेल्या होत्या. ॲक्रिलिकच्या काचा पिवळ्या पडून तडकलेल्या, ॲल्युमिनियमच्या चौकटी खाऱ्या पापडासारख्या फुगलेल्या.

"मावशी, तुमी बसच्या काचा बसवता," चंदन म्हणाला. "हे तं त्याच्याहून लहान हाये."

"लहान हाये म्हणूनच कटकट हाये," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि टेप घेऊन होडीत शिरल्या.

चौकटी त्यांनी काढून फेकल्या. प्रत्येक भोकाचा पुठ्ठ्यावर साचा घेतला, कारण एकही खिडकी दुसरीसारखी नव्हती. आदिलाबादच्या पाट्या बनवणाऱ्याकडून ॲक्रिलिकचे तुकडे कापून आणले. फटी बुजवणारी जुनी पेस्ट पात्याने खरवडली, कडा थिनरने पुसल्या, आणि बसला घालतात ते रबर घालून काचा बसवल्या. आतून दोरी ओढायला साक्षी सुट्टीच्या दिवशी आली. रबराच्या ओठाखाली काळी पेस्ट भरली. वरून भरली, दोन्ही बाजूंनी भरली. खाली मात्र दोन ठिकाणी बोटभर जागा मोकळी सोडली.

बसमध्ये असंच करतात. पाऊस वरून येतो, कितीही पेस्ट भरा, थोडं पाणी रबराच्या खाचेत उतरतंच. ते तिथे साचलं तर पत्रा सडतो. म्हणून खाली त्याला बाहेर पडायला जागा ठेवायची. चंपतरावांनी बायकोला शिकवलेली ही पहिली गोष्ट. नवीन पोरं सगळीकडून पेस्ट थापतात आणि वर्षभरात पत्रा हातात येतो, हे मनकर्णाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून देत असत.

चंदनने त्यांना मोबाइलवर परदेशातला एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात एक दाढीवाला माणूस आपल्या होडीच्या खिडकीला चारी बाजूंनी पेस्ट लावत होता, कुठे सुईएवढीही फट न सोडता.

"हा मेला पाण्याले जायले जागाच नाई ठेवून राह्यला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सडंल याची होडी."

चंदन हसला. त्याला पेस्टमधलं काही कळत नव्हतं.

जाताना त्यांनी त्याला एकच गोष्ट बजावली. "आठ दिवस पाण्यात घालू नोको. पेस्ट वाळू दे. अन् नाव-बिव नंतर."

चंदनने मान हलवली. मग दसरा आला, मुहूर्त आला, पाहुण्यांना तारीख देऊन झाली होती. पेस्ट लावून तीन दिवसही झाले नव्हते तेव्हा होडी पाण्यात गेली. आणि रीलमध्ये 'आपल्या भागातली महिला कारागीर' चांगली दिसेल म्हणून त्याने बंडू पेंटरला बोलावून नावही लिहून घेतलं.

बसमध्ये साक्षीने आईला एक गोष्ट दाखवली नव्हती. घरी पोचल्यावर दाखवली. शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी तो व्हिडिओ टाकला होता आणि वर लिहिलं होतं : 'कोट्यातली काच'. खाली हसणारी तोंडं. लिहिणारा साक्षीच्याच शाळेतला, रोज तिच्या शेजारी बसून डबा खाणारा.

मनकर्णा नगराळे यांना आयुष्यात कोट्यातून काही मिळालेलं नाही. ट्रकच्या काचा बसवण्याच्या धंद्यात राखीव जागा नसतात. पण व्हिडिओ पाहणाऱ्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि माहीत असतं तरी फरक पडला नसता. आडनाव वाचून झालं होतं.

"आई, उद्या तिकडं जाशील तं भांडू नोको," साक्षी म्हणाली. "एवढंच म्हण का पेस्ट ओली होती. आठ दिवस सांगतले होते, त्यानं ऐकलं नाई. खरंच हाये न ते?"

"खरं हाये."

"मंग तेवढंच म्हण. जास्त बोलू नोको."

चंपतराव चहा गाळता गाळता म्हणाले, "तुह्या मायले जास्त बोलू नोको म्हणून राह्यली? लगन लागलं तवापासून मी सांगून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी मायलेकी ऑटो करून धरणावर गेल्या. चंदनने तिथे लोकांना होडीत चढण्यासाठी सिमेंटचा छोटा घाट बांधला आहे. पहिल्या पावसात काळ्या मातीत त्याचा एक कोपरा खचला, त्यामुळे त्यावर उभं राहणारा प्रत्येक माणूस एक खांदा खाली सोडून उभा असतो. तसेच त्या दिवशी तिघे उभे होते. चंदन, नवा बोर्ड लिहायला आलेला बंडू पेंटर, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर केशवराव. खुर्चीच्या दोन पायांखाली विटा होत्या.

"चंदन," मनकर्णाबाई लांबूनच म्हणाल्या, "माह्य नाव माह्या बापानं ठेवलं. ते कोठं लिहायचं ते तू कोण ठरवणार?"

"मावशी, मी तं कौतुकानं..."

"कौतुक खेपेनंतर करतेत. अन् तू बंडू? तुले रीत माहीत नाई? इचोड्यात जलमला न तू?"

बंडू खाली पाहून म्हणाला, "काकू, मले वाटलं तुमाले इचारलं असंन."

"तुले वाटलं. मले फोन नाई काय?"

चंदनने हात जोडले. पेस्ट ओली होती, घाई त्याने केली, हे तो आपणहून बोलू लागला. मनकर्णाबाईंनी त्याला मध्येच थांबवलं. होडीची पाहणी केल्याशिवाय त्या काही ऐकणार नव्हत्या. त्यांनी सांगितलं तशी डोलकाठीच्या टोकाची दोरी किनाऱ्यावर घेतली. ती ओढली की होडी घाटाच्या बाजूला कलणार आणि त्या बाजूच्या खिडक्या पाण्याला लागणार. चंदन आणि बंडूने दोरी धरली. मनकर्णाबाई आणि साक्षी केबिनमध्ये उतरल्या.

मनकर्णाबाईंनी आधी पेस्ट नखाने दाबून पाहिली. कोपऱ्यात, वर, बाजूला. ती सुकली होती. तीन दिवसांत नसेल सुकली, पण आज कडक होती. म्हणजे आज पाणी यायला नको. "ओढा रे," त्यांनी हाक दिली.

होडी कलली. पाणी बाहेरून काचेवर चढलं आणि रबराच्या खालच्या कडेतून दोन धारा आत आल्या. प्रत्येक खिडकीला दोनच. त्यांनी स्वतःच्या बोटाने मापून जिथे जागा सोडली होती, बरोबर तिथून.

त्यांनी एका धारेवर बोट ठेवलं. बस उभीच असते आणि तिच्यावर पाणी वरून पडतं. होडी कुशीवर निजते आणि तिला पाणी खालून येतं. बसमध्ये जी जागा पाणी बाहेर काढते, तीच इथे पाण्याला आत घेत होती. इतकी साधी गोष्ट. दाढीवाल्याने चारी बाजूंनी पेस्ट लावली होती ती म्हणूनच.

"पेस्ट नोती ओली," त्या हळू म्हणाल्या. "हे माह्य हाये."

साक्षीने त्यांचा हात धरला. "आई, नोको."

बाहेरून चंदनचा आवाज आला, "मावशी, ओलीच होती न पेस्ट? सांगून टाका, मी व्हिडिओ टाकतो का माही चूक झाली म्हणून."

"पाह्य, तो सोताहून म्हणून राह्यला," साक्षी कुजबुजली. "घे न. खोटं कोठं बोलून राह्यलो आपण? त्यानं घाई केलीच."

त्याच वेळी वर केशवराव बंडूशी बोलत होते. होडीची भिंत पातळ, शब्द न्‌ शब्द आत येत होता. "म्या चंदनले आधीच सांगतलं व्हतं. जबाबदारीचं काम त्या लोकाईले देऊ नोको. त्यायले सगळं आयतं भेटते, मंग कामाची चाड कोठून येईन? आता पाह्य, घरोघरी आपलं हसं झालं." केशवराव हे रागाने बोलले नाहीत. भाजीचा भाव सांगावा तसं बोलले. बंडू दोरी धरून उभा राहिला.

साक्षीने आईचा हात सोडला नव्हता. तिला शाळेत परत जायचं होतं, त्याच बाकावर, त्याच माणसाच्या शेजारी. आईने आता बाहेर जाऊन 'चूक माझी' म्हटलं की 'कोट्यातली काच' खरी ठरणार होती. चंदनचा माफीनामा मात्र सगळं पुसून टाकू शकत होता.

"आयकलं न?" ती म्हणाली. "आता तं अजिबात सांगू नोको. त्यायच्या हातात कोलीत देशीन."

"अन् नाई सांगतलं तं? हा पुन्हा लोकं भरून नेईन. पुन्हा पाणी येईन. तवा कोणाची पेस्ट ओली म्हणू?"

"गुपचूप दुरुस्त कर न मंग."

"गुपचूप काऊन?" मनकर्णाबाईंचा आवाज चढला. "म्या चोरी केली काय?"

त्या वर आल्या. कललेल्या होडीतून खचलेल्या घाटावर पाय टाकताना त्यांना सावरायला चंदन पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात झटकला.

"पेस्ट वाळली हाये," त्या म्हणाल्या. धरणाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढ्याने. "पाणी माह्या हातानं येऊन राह्यलं. म्या बसच्या हिशेबानं खाली जागा सोडली. होडीले सोडाची नसते. मले नाई कळलं. तुह्या दाढीवाल्याले कळलं व्हतं, म्या त्याले येडा म्हणलं."

चंदन गोंधळला. त्याच्या माफीची कोणाला गरजच राहिली नव्हती.

केशवरावांनी खुर्चीतून मान डोलावली. "पाहा. मी म्हणलं नोतं?"

मनकर्णाबाई वळल्या. "काय म्हणलं व्हतं दादा? माह्या तोंडावर म्हणा. होडीत आयकू येते, पण अर्धंच आयकू येते."

केशवरावांनी खुर्ची विटांवर सावरून घेतली.

"हा घाट कोणं बांधला?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "तुमच्या पोरानं. पहिल्या पाण्यात खचला. तुमच्या खुर्चीखाली इटा लावल्या, मंग तुमी सरळ बसले. मंग म्या म्हणू काय का भाजीवाल्याईची जातच अशी, यायले माल आयता भेटते, यायले बांधकामाची चाड नाई? कोणं म्हणलं असं? कोणंच नाई म्हणलं. सगळे म्हणले चंदनचा घाट खचला. मंग माही काच गळली तं ते माह्या सगळ्या लोकाईची काऊन गळली?"

बंडू पेंटरने खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"तसं नाई बाई, तुमी मनाले लावून घेऊन राह्यल्या..."

"मनाले नाई लावलं. नावाले लागलं. बंडू, ते नाव खरड."

"ऑइल पेंट हाये काकू. पांढऱ्यावर डाग राहीन."

"राहू दे डाग. खरड."

चंदनने आतून त्या फटी बुजवून टाकण्याचा मार्ग सुचवला. दोन तासांचं काम, रविवारची बुकिंगं वाचली असती. मनकर्णाबाईंनी त्यालाही झाडलं. आतून बुजवलं तर पाणी खाचेत कोंडून राहील, रबर सुटेल आणि सगळी काचच एक दिवस आत येईल. होडी बाहेर काढायची, सहाही खिडक्या उतरवायच्या, पुन्हा बसवायच्या. चंदनने बापाकडे पाहिलं. केशवराव धरणाकडे पाहत होते. "काढा मंग," चंदन म्हणाला.

काम पुन्हा सुरू झालं. या वेळी मनकर्णाबाईंनी दाढीवाल्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मध्ये मध्ये थांबवून, त्याला शिव्या घालत. "बरोबर हाये मेला," असं त्या दोनदा म्हणाल्या. काचेच्या चारी कडांना पेस्टचा अखंड पट्टा दिला, रबराच्या आतल्या ओठाखाली एक आणि बाहेरच्या ओठाखाली दुसरा. खाचच भरून टाकली, म्हणजे पाण्याला थांबायला जागा नाही. बाहेर आलेली पेस्ट साबणाच्या बोटाने निपटून काढली. मग होडीभोवती त्यांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या, शेताला कुंपण घालतात तशा, आणि चंदनला सांगितलं की आठ दिवसांच्या आत कोणी त्या ओलांडल्या तर काटे पायातून काढायला इचोड्याला यावं.

चंदनने आठ दिवस होडीला हात लावला नाही. दरम्यान त्याने दुसरा व्हिडिओ टाकला. मनकर्णाबाई घाटावर उभ्या राहून 'पाणी माह्या हातानं येऊन राह्यलं' म्हणताहेत तो. बंडूने दोरी एका हातात धरून काढलेला. पुढचं, घाटाबद्दलचं बोलणंही त्यात होतं. चंदनने ते कापलं नाही. का कापलं नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, "खरंच खचला हाये न घाट."

साक्षी शाळेत गेली. बाकावर शेजारी तोच माणूस होता. ग्रुपवर दुसरा व्हिडिओ आला तेव्हा कोणी हसणारी तोंडं पाठवली नाहीत. कोणी काहीच पाठवलं नाही. तिने दुपारचा डबा दुसऱ्या खोलीत खायला सुरुवात केली आणि अजून तिथेच खाते.

चाचणीच्या दिवशी वारा चांगला होता. पाहुणे नव्हते. सुकाणूवर चंदन, केबिनमध्ये मनकर्णाबाई, आणि त्यांच्यासमोरच्या बाकावर केशवराव. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पैसा आपला लागला आहे तर आपण पाहू, असं म्हणून ते आले. मोटर दुरुस्तीला गेलेली, होडी नुसत्या शिडावर निघाली.

धरणाच्या मध्यावर ती कलली. खालच्या बाजूच्या खिडक्या पाण्याखाली गेल्या आणि केबिनमध्ये हिरवट उजेड पडला. मनकर्णाबाई गुडघ्यावर बसल्या आणि प्रत्येक कोपऱ्यावरून कोरड्या कापडाने हात फिरवला. कापड कोरडंच राहिलं. चंदनने होडी फिरवली, दुसरी बाजू पाण्याखाली गेली, ती बाजूही कोरडी. बराच वेळ तो होडीला या कुशीवरून त्या कुशीवर घेत राहिला.

केशवरावांनीही खालच्या रबरावर बोट फिरवलं, बोट पाहिलं, धोतराला पुसलं. मग मोकळेपणाने म्हणाले, "काम पक्कं झालं बाई. चूक सोताहून सांगतली, हे तं लय मोठं. खरं सांगतो, तुमच्या लोकाईत तुमी येगळ्या हा."

त्यांच्या मते ही शाबासकी होती. त्यांनी ती मनापासून दिली.

मनकर्णाबाईंनी कापडाची घडी केली. "दादा, मागल्या येळी काच गळली तवा मी माह्या लोकाईतली व्हती. आता गळत नाई तं मी येगळी झाली?"

"मी चांगलं म्हणून राह्यलो..."

"चुकलं का सगळ्याईचं, जमलं का एकटीचं. हा कोणता हिशेब? बाजारात असा हिशेब कराल काय? माह्या नवऱ्याचा हात गेला काचेनं. माही पोरगी पोट्टे शिकवते. माही माय तुमच्यासारख्याईच्या वावरात कापूस येचून येचून वाकली. कोणाले काय आयतं भेटलं, सांगा मले एकेक करून."

केशवरावांनी केबिनच्या दारातून वर हाक मारली, "चंदन, पोरा, होडी काठाले घे. लय झालं फिरणं."

वर शीड लोंबत होतं. वारा पडला होता. चंदनने सुकाणू या बाजूला केलं, त्या बाजूला केलं. होडी पाण्यावर उभीच राहिली.

"आता वारा येईपर्यंत काई होत नाई बाबा," तो म्हणाला. "बसा आरामात."

केशवराव परत बाकावर बसले. उठून जायला जागा नव्हती. खिडक्या बंद, कोरड्या, चारी बाजूंना पाणी. मनकर्णाबाईंनी साडी सावरून बैठक बदलली आणि त्यांच्यासमोर नीट बसल्या.

"हां दादा," त्या म्हणाल्या. "माह्या मायपासून सुरू करते."